शाळेत उपाशी येणाऱ्या मुलांसाठी अन्न-उपक्रम: आधी भुकेची वेळ शोधा

आपण लिहिले आहे की, काही मुले शाळेत उपाशीपोटी येतात असे शिक्षकांच्या लक्षात आले आहे, दुपारचे जेवण शाळेत मिळत असूनही हे घडते आहे, पालक आणि माजी विद्यार्थी मिळून एक गट तयार झाला आहे आणि थोडी वर्गणीही जमली आहे. गरजू मुले कशी निवडावीत, त्यांना काय द्यावे आणि हा उपक्रम टिकवावा कसा, असे आपले तीन प्रश्न आहेत. अशा उपक्रमांची आखणी आणि देखरेख हेच माझे काम असल्याने मी थोडे विस्ताराने लिहिते. आपले तीनही प्रश्न रास्त आहेत, परंतु त्यांच्याआधी आणखी एक प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर हाती आले की बाकीच्यांची उत्तरे बरीच सोपी होतात. तो प्रश्न असा: आपल्या शाळेतली मुले नेमकी केव्हा उपाशी असतात?

ज्या घरात पुरेशा अन्नाची खात्री नसते, त्या घरातही टंचाई रोज आणि प्रत्येक जेवणाला सारखी नसते; ती ठरावीक वेळांना येते. रात्री सात वाजता थोडेसे खाऊन झोपलेले मूल सकाळी काहीही न खाता शाळेत आले आणि दुपारी साडेबाराला जेवले, तर दोन जेवणांत साडेसतरा तास गेलेले असतात, आणि वाचन-गणितासारखे एकाग्रता मागणारे तास बहुतेक शाळांत याच अंतराच्या शेवटच्या टप्प्यात येतात. शनिवार-रविवार शाळा बंद असेल, तर शुक्रवारच्या दुपारपासून सोमवारच्या दुपारपर्यंत शाळेतून या मुलाला काहीच मिळत नाही. मजुरी हातात पडण्याआधीचे दिवस, घरातले धान्य संपून नवे येण्यापूर्वीचे आठवडे, कमावत्या माणसाच्या आजारपणाचा काळ आणि लांब सुट्ट्या या सर्वांना आपापली वेळ असते. उपक्रम मात्र बहुतेक वेळा देणाऱ्यांच्या सोयीच्या वेळेला उभा राहतो, म्हणजे सणाला, वाढदिवसाला, शनिवारी सकाळी किंवा वर्गणी जमेल तेव्हा. दुपारी पोटभर जेवलेल्या मुलाला तीन वाजता खाऊ मिळतो आणि सोमवारी सकाळी तेच मूल रिकाम्या पोटी वर्गात बसते, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

हे निरीक्षण नवे नाही. इंग्लंडमध्ये १९०६ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनांना शाळकरी मुलांच्या जेवणावर सार्वजनिक पैसा खर्च करण्याची मुभा दिली. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड शहरात काही गरीब मुलांना शाळेमार्फत रोज जेवण देऊन त्यांच्या वजनांची नियमित नोंद ठेवण्यात आली. जेवण चालू होते तोवर वजने वाढत गेली आणि मध्ये सणाची सुट्टी लागून जेवण थांबले, तेव्हा ती घसरली. सुट्टी हा मुलांच्या पोषणातला खड्डा आहे, हे तेव्हापासून आकड्यांत दिसत आलेले आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात १९९० च्या दशकात एका शाळेतल्या परिचारिकेच्या लक्षात आले की, पोटदुखी आणि चक्कर यांची तक्रार घेऊन तिच्याकडे येणारी कित्येक मुले प्रत्यक्षात उपाशी आहेत. तिने तिथल्या अन्नपेढीकडे, म्हणजे गरजूंसाठी अन्न जमवून वाटणाऱ्या संस्थेकडे, मदत मागितली आणि शुक्रवारी मुलांच्या दप्तरात शनिवार-रविवारपुरते अन्न देण्याची पद्धत तिथून रुजली. पुढे ती देशभर पसरली. वजनाच्या नोंदी ठेवणाऱ्यांना काय किंवा त्या परिचारिकेला काय, भुकेची वेळ दिसली ती रोजच्या संपर्कातून.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे एक दाणाही न वाटता केवळ माहिती घेण्यात घालवावेत, असा माझा आग्रह राहील. हजेरीपट घेऊन वारनिहाय गैरहजेरी पाहावी. सोमवारी, महिनाअखेरीस किंवा एखाद्या हंगामात ती वाढते का, हे त्यात स्पष्ट दिसते. प्रथमोपचाराची नोंद ठेवली जात असेल, तर डोकेदुखी, पोटदुखी आणि चक्कर यांच्या तक्रारी दिवसाच्या कोणत्या तासाला येतात ते तपासावे. पहिल्या दोन तासांना कोण पेंगते, कोण चिडचिडते, कोणाचे लक्ष घड्याळाकडे असते, हे वर्गशिक्षकांना विचारावे. आणि जेवण वाढणाऱ्या बायकांशी निवांत बोलावे, कारण माझ्या अनुभवात सर्वांत अचूक माहिती त्यांच्याकडे असते. सोमवारी कोण दुसऱ्यांदा वाढून घेते, कोण घाईघाईने जेवते, कोण धाकट्या भावंडासाठी काहीतरी रुमालात बांधून नेते, हे त्यांना न विचारताही ठाऊक असते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी: वर्गात उभे करून किंवा हात वर करायला लावून ‘आज सकाळी कोण खाऊन आले नाही’ असे विचारू नये. ज्यांना खरोखर काही मिळालेले नसते, ती मुले अशा वेळी हात वर करत नाहीत, आणि चुकून एखाद्याने केलाच, तर दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत यायला संकोचते.

या पाहणीतून बहुधा तीनपैकी एक चित्र पुढे येईल: रोजच्या सकाळची भूक, शनिवार-रविवारची भूक किंवा सुट्टीतली भूक. तिन्हींसाठी कामाचे स्वरूप वेगवेगळे असते आणि नव्या गटाने तिन्ही एकदम अंगावर घेऊ नयेत.

सकाळची भूक असेल, तर न्याहारी द्यावी. इथे अन्नाइतकाच महत्त्वाचा निर्णय म्हणजे ती घंटेच्या आधी द्यायची की हजेरीनंतर वर्गात. घंटेच्या आधी वेगळ्या खोलीत न्याहारी ठेवली, तर शाळेचे वेळापत्रक बिघडत नाही, म्हणून शाळांना हा पर्याय आवडतो. परंतु ज्यांना न्याहारीची सर्वाधिक गरज असते, तीच मुले वेळेवर पोहोचत नाहीत, कारण कोणाला धाकट्या भावंडाला सोडून यायचे असते, कोणाला पाणी भरायचे असते, कोणाचे घर लांब असते. शिवाय लवकर येऊन त्या खोलीत बसणारी मुले कोण, हे इतरांना दिसत राहते. हजेरीनंतर वर्गातच सर्वांनी मिळून दहा-पंधरा मिनिटांत खाल्ले, तर या दोन्ही अडचणी राहत नाहीत. शिक्षकांचा पहिला आक्षेप वेळ जाण्याचा आणि वर्ग अस्वच्छ होण्याचा असतो, आणि तो खराच असतो. म्हणून हाताने धरून खाता येईल असा पदार्थ, प्रत्येक वर्गासाठी एक झाकणाचा डबा, एक फडके आणि आलटून पालटून नेमलेली दोन मुले, एवढी व्यवस्था आधी करून मगच मुख्याध्यापकांपुढे प्रस्ताव ठेवावा. वर्गशिक्षकांचे सहकार्य पहिल्या आठवड्यात मिळाले नाही, तर पुढे ते मिळवणे फार कठीण जाते.

शनिवार-रविवारची भूक असेल, तर कोरडा शिधा घरी द्यावा लागतो, आणि इथे बहुतेक गट एक हिशेब विसरतात. घरी गेलेले अन्न एकटे मूल खात नाही, आणि त्याने एकट्याने खावे अशी अपेक्षाही धरू नये. एका मुलाच्या दोन दिवसांच्या गरजेपुरता शिधा दिला आणि घरात तीन भावंडे असली, तर तो शनिवारी दुपारीच संपतो. म्हणून पिशवी घरातल्या मुलांच्या संख्येवर ठरवावी, लाभार्थी कमी झाले तरी चालतील. पिशवीतल्या वस्तू मोठ्यांच्या मदतीशिवाय आणि शक्यतो चुलीशिवाय खाता येतील अशा असाव्यात, कारण पालक कामावर असताना आणि घरात इंधन नसतानाच तिची गरज पडते. वजन लहान मुलाला पेलेल इतकेच असावे आणि शिधा मुलाच्या स्वतःच्या दप्तरात जावा. उपक्रमाचे नाव छापलेली, दुरून ओळखू येणारी वेगळी पिशवी कधीही देऊ नये.

सुट्टीतली भूक भागवणे सर्वांत अवघड असते, कारण तेव्हा शाळा नावाची जागा, हजेरी आणि माणसे तिन्ही हाताशी नसतात. २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ३७ कोटी मुलांचे शाळेतले जेवण थांबले होते. ती असाधारण परिस्थिती होती, परंतु दर वर्षी लांब सुट्टीत याच प्रकारचा खंड लहान प्रमाणात पडतच असतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या शिजवलेल्या जेवणाविषयी २००१ मध्ये आदेश दिला आणि २००४ मध्ये दुष्काळग्रस्त भागांत हे जेवण उन्हाळी सुट्टीतही द्यावे असे सांगितले, त्यामागे हाच विचार होता. सुट्टीतल्या उपक्रमाला केवळ जेवणासाठी मुले येत नाहीत. वाचन, खेळ, हस्तकला यांपैकी काहीतरी सोबत असावे लागते. त्यामुळे मुलांना येण्याला एक सांगण्यासारखे कारण मिळते आणि ‘जेवायला चाललो’ असे कोणापुढे म्हणावे लागत नाही. पहिल्या वर्षी आपण या वाटेला जाऊ नये, असे मला वाटते.

आता निवडीचा प्रश्न. ‘गरजू मुले कशी ओळखावीत’ असे आपण विचारले आहे आणि माझे प्रामाणिक उत्तर असे की, शक्य असेल तिथे निवडच करू नये. मुलांमधून गरजू मुले वेगळी काढली की दोन प्रकारचे नुकसान होते. पहिले नुकसान निवडलेल्या मुलाचे. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना आपल्या घरची परिस्थिती झाकण्याची विलक्षण ओढ असते आणि अन्न घेतल्याने ती उघडी पडणार असेल, तर ती उपाशी राहणे पत्करतात. किशोरवयात हे आणखी तीव्र होते. वरच्या वर्गांत जेवण घेणाऱ्यांची संख्या घटते, तेव्हा तिथली भूक कमी झाली असा अर्थ काढण्याची घाई करू नये. दुसरे नुकसान न निवडलेल्या मुलाचे. भुकेची खूण चेहऱ्यावर किंवा कपड्यांवर असतेच असे नाही. नीटनेटके कपडे घालून, अभ्यास करून येणारी, मागच्या महिन्यातच वडिलांचे काम सुटलेली मुलगी कोणाच्याही यादीत नसते. उत्पन्नाचा दाखला मागितला, तर ज्यांच्याकडे कागदपत्रे नाहीत तेच आधी गळतात, आणि सर्वांत गरीब घरांत कागदपत्रे सर्वांत कमी असतात.

जगभरात अनेक व्यवस्था हळूहळू याच निष्कर्षाकडे आल्या आहेत. फिनलंडने १९४३ च्या कायद्याने शाळेतले मोफत जेवण सर्व मुलांसाठी ठरवले आणि १९४८ पासून ते देशभर लागू झाले; तेव्हा तो युद्धाने पोळलेला, गरीब देश होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानंतर गरीब वस्त्यांतल्या शाळांना प्रत्येक घराकडून अर्ज न मागवता सर्व मुलांना मोफत जेवण देण्याचा पर्याय मिळाला. जपानमध्ये २०१२ मध्ये टोकियोच्या ओता भागातल्या एका भाजीविक्रेत्या बाईंनी आपल्या दुकानात मुलांसाठी जेवणाची सोय सुरू केली आणि ‘मुलांची खानावळ’ या नावाने आज अशी दहा हजारांहून अधिक ठिकाणे त्या देशात चालतात. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी कोणतेही मूल येऊ शकते, अनेक ठिकाणी मोठी माणसेही येतात. त्यामुळे तिथे बसलेल्यांपैकी कोण गरजेपोटी आले आणि कोण सोबतीसाठी, हे कोणालाच कळत नाही. याच उपक्रमांची एक मर्यादाही सांगायला हवी: त्यांतले बरेच महिन्यातून एक-दोनदाच उघडतात. सोबत, ओळख आणि आधार यांसाठी ते मोलाचे आहेत, परंतु रोजची भूक महिन्यातल्या एका जेवणाने भागत नाही, आणि तिथे काम करणाऱ्यांनाही याची जाणीव असते.

आपला निधी सर्व मुलांना पुरणार नाही, हे मी गृहीत धरते. तेव्हा मुले कमी करण्याऐवजी व्याप्ती दुसऱ्या बाजूने आवरावी. पहिली-दुसरीच्या सर्व मुलांना रोज द्यावे, किंवा संपूर्ण शाळेला केवळ सोमवारी आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात द्यावे, किंवा पदार्थ साधा ठेवून प्रत्येकाला द्यावे. वर्गाच्या किंवा वाराच्या रेषेने केलेली मर्यादा मुलांना समजते आणि तिचा अपमान वाटत नाही. घरी नेण्याच्या शिध्यात मात्र निवड अटळ असते. तिथे सर्व पालकांना एकाच मजकुराचे पत्र द्यावे, ज्यांना हवे त्यांनी शाळेतल्या एकाच विश्वासू व्यक्तीला कळवावे, कारण किंवा पुरावा विचारू नये, आणि शिक्षकांना ज्या मुलांविषयी काळजी वाटते त्यांच्या पालकांशी त्याच व्यक्तीने खासगीत बोलावे. गरज नसलेली काही घरेही नाव देतील, असा आक्षेप आपल्या गटात नक्की येईल. तशी काही नावे येतातच. त्या थोड्या शिध्याचा खर्च सोसावा, कारण तो वाचवण्यासाठी जी छाननी उभी करावी लागते, ती ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्यांनाच बाहेर ठेवते.

याच ओघात छायाचित्रांविषयी मी अगदी ठाम आहे. अन्न घेताना मुलांची छायाचित्रे काढू नयेत, देणगीदारांच्या हस्ते वाटप ठेवू नये, मुलांकडून आभाराची पत्रे लिहून घेऊ नयेत. देणाऱ्यांना हिशेब आणि अहवाल मिळण्याचा पूर्ण हक्क आहे. भरलेल्या पातेल्याचे, कोठाराचे, नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र त्यांना जरूर पाठवावे. मुलाचा चेहरा मात्र त्या व्यवहाराचा भाग होऊ नये.

काय द्यावे, या प्रश्नावर गटांचा सर्वाधिक वेळ जातो, पण तो तुलनेने सोपा आहे. सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,५०० ते १,८०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. भारताच्या शालेय पोषण योजनेत दुपारच्या जेवणासाठी प्राथमिक वर्गांना ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गांना ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. न्याहारी याहून हलकी चालते, परंतु ती केवळ साखर आणि मैद्याची असू नये, कारण तिने पोट भरल्यासारखे वाटते आणि तासाभरात पुन्हा रिते होते. धान्यासोबत कडधान्य, दूध किंवा अंडे यांपैकी काहीतरी असावे. शाळकरी मुलांत रक्तक्षय फार आढळतो, म्हणून कडधान्ये, हिरव्या भाज्या आणि त्यांच्यासोबत क जीवनसत्त्व असलेले एखादे फळ हे संयोजन उपयोगी पडते. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य अन्नातले लोह अंगी लागते, तर जेवणासोबत घेतलेल्या चहामुळे ते कमी शोषले जाते. मीठ आयोडीनयुक्त असावे. यापलीकडे फार बारकाव्यात न शिरता मुलांना आवडणारे, त्यांच्या घरात खाल्ले जाणारे आणि रोज सारख्या दर्जाचे करता येणारे चार-पाच पदार्थ ठरवून घ्यावेत. पोषणमूल्याने उत्तम असलेला पदार्थ मुलांनी पानात टाकला, तर त्याचे पोषण शून्य असते.

अन्नाच्या सुरक्षिततेत मात्र कोणतीही सवलत नाही. शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे आणि मधल्या तापमानात ते दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. पुन्हा गरम केले की सर्व ठीक होते, हा समज धोक्याचा आहे; शिजवून तसेच ठेवलेल्या धान्यात वाढणारे काही जीवाणू, तसेच हातावरच्या जखमेतून अन्नात जाणारे जीवाणू असे विष तयार करतात की जे उकळल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे घरोघरी पहाटे शिजवून डब्यांतून गोळा करण्याची कल्पना कितीही आपुलकीची असली, तरी मी ती मान्य करत नाही. एकाच ठिकाणी, ठरलेल्या माणसांनी शिजवावे. रोजच्या अन्नाचा नमुना झाकून, थंड जागी किमान चोवीस तास राखून ठेवावा. कोणत्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे याची यादी स्वयंपाकघरात आणि वर्गात दोन्हीकडे असावी. आणि हात धुण्यासाठी साबण व वाहते पाणी यांचा खर्च अन्नाच्या खर्चातच धरावा.

बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतले जेवण खाऊन २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेले होते. तेलाचा वास वेगळा येत असल्याचे स्वयंपाकिणीच्या लक्षात आले होते, तरीही स्वयंपाक पुढे चालू राहिला, असे त्या वेळच्या वृत्तांतून समोर आले. अन्नाचा साठा रसायनांपासून, रॉकेलपासून आणि कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांपासून पूर्ण वेगळा ठेवावा, हा त्यातला उघड धडा आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, शिजवणाऱ्या व्यक्तीला स्वयंपाक थांबवण्याचा अधिकार लेखी दिलेला असावा. तिने ‘आज हे वाढायचे नाही’ म्हटले, तर मुख्याध्यापकांपासून देणगीदारांपर्यंत कोणीही तो निर्णय फिरवू नये, आणि त्या दिवसासाठी न शिजवता देता येईल असा पर्यायी साठा तयार असावा. वाढण्याआधी एका मोठ्या माणसाने ते अन्न खाऊन पाहावे आणि वहीत सही करावी, ही पद्धतही कसोशीने पाळावी.

आता टिकण्याविषयी. उपक्रम बंद पडतात ते बहुधा पैसा संपल्यामुळे नाही, तर खर्चाचा अंदाज केवळ शिध्यावर बांधल्यामुळे. इंधन, भांडी, वाहतूक, साबण, स्वयंपाकी आणि मदतनीस यांचे मानधन, नासाडी आणि भाववाढ हे सारे धरले, तर अन्नाच्या किमतीत मोठी भर पडते. स्वयंपाकाचे काम स्वयंसेवेवर चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे पहाटे उठून, वर्षभर, एकही दिवस न चुकवता करायचे कष्टाचे काम आहे. ते वस्तीतल्याच, शक्य असल्यास त्या शाळेतल्या मुलांच्या आयांना योग्य मोबदला देऊन द्यावे. स्वयंसेवकांनी हिशेब, खरेदी, कोठार, पत्रव्यवहार आणि गैरहजर स्वयंपाकिणीच्या बदलीची सोय पाहावी. वस्तुरूप देणगी घेताना यादी आपण द्यावी आणि यादीबाहेरच्या वस्तू नम्रपणे नाकाराव्यात, नाहीतर कोठारात मुदत संपत आलेल्या बिस्किटांचे खोके साठतात आणि कडधान्य मात्र विकत आणावे लागते.

एका सत्राचा पूर्ण खर्च हाती किंवा लेखी कबूल झाल्याशिवाय पहिले ताट वाढू नये. वर उल्लेखलेल्या २००१ च्या आदेशात न्यायालयाने जेवण किती दिवस द्यायचे हेही सांगितले होते, वर्षातून किमान २०० दिवस. दिवसांची अशी हमी असली की घरे त्यावर विसंबून आपला हिशेब मांडू शकतात. न्याहारी मिळते या भरवशावर आई सकाळचे थोडे पीठ रात्रीसाठी राखून ठेवते. आपण न कळवता दोन दिवस बंद राहिलो, तर ते मूल उपक्रम नव्हता तेव्हापेक्षाही अधिक उपाशी राहते. म्हणून आठवड्यातून दोनच दिवस जमत असेल तर दोनच दिवस द्यावे, पण तेच दोन वार वर्षभर पाळावेत, आणि खंड पडणारच असेल, तर निदान आठवडाभर आधी घरोघरी कळवावे.

परिणाम मोजण्याची घाई देणगीदारांना असते आणि त्यांना गुणांच्या वाढीचे आश्वासन देण्याचा मोह होतो. तो टाळावा. जमैकातल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात काही मुलांना वर्षभर न्याहारी दिली आणि तुलनेसाठी उरलेल्यांना संत्र्याचा चतकोर दिला. न्याहारीच्या गटात हजेरी, उंची आणि वजन थोडे सुधारले, आणि लहान वर्गांतल्या मुलांचे अंकगणित सुधारले. सर्व विषयांत झेप मात्र दिसली नाही. अन्नाने मूल शिकण्याच्या स्थितीत येते, शिकवण्याचे काम तरीही शाळेलाच करायचे असते. आपण तीन नोंदी ठेवल्या तरी पुरे: वारनिहाय हजेरी, पहिल्या दोन तासांतल्या आजारपणाच्या तक्रारी आणि आपला उपक्रम ठरलेल्या दिवशी किती वेळा चुकला. यातली तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती देणगीदारांच्या अहवालात सर्वांत वर असावी. मुलांची वजने-उंची घ्यायची असतील, तर आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत, एकेकट्याने घ्यावीत, आणि एखादे मूल फार कृश आढळले, तर त्याला शाळेच्या न्याहारीवर न सोडता दवाखान्याकडे पाठवावे.

शासनाच्या योजनेशी नाते कसे ठेवावे, हे आपण विचारलेले नाही, तरी ते सांगणे मला आवश्यक वाटते. दुपारचे जेवण हा मुलांचा हक्क असेल आणि ते अपुरे, बेचव किंवा अनियमित असेल, तर आपल्या वर्गणीतून त्याची भरपाई करू नये. आधी ते सुधारण्यासाठी पालकांच्या सभेत, शाळेच्या समितीत आणि संबंधित कार्यालयात लेखी पाठपुरावा करावा. जिथे कोणतीच योजना पोहोचत नाही, त्या वेळेत आपले काम असावे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहरातील एका चर्चमध्ये शाळेआधीची मोफत न्याहारी सुरू केली, तेव्हा अमेरिकी शासनाची न्याहारी योजना १९६६ पासून केवळ प्रायोगिक स्वरूपात चालू होती. काही महिन्यांत अनेक शहरांत कार्यकर्ते पहाटे उठून मुलांना खाऊ घालू लागले आणि सकाळची भूक किती मोठी आहे हे सर्वांना दिसले. १९७५ मध्ये शासकीय योजना कायमस्वरूपी झाली, त्यामागे अशा उपक्रमांनी निर्माण केलेल्या दबावाचाही वाटा मानला जातो. आपल्या नोंदी पहिल्या दिवसापासून अशा ठेवाव्यात की, उद्या शाळा किंवा प्रशासन न्याहारीची जबाबदारी घ्यायला तयार झाले, तर त्यांना दररोजचे प्रमाण, एका ताटाचा खरा खर्च, कामाचे तास आणि वाटपाची वेळ हे सारे एका वहीत मिळावे. तसे झाले, तर आपला गट शनिवार-रविवारच्या शिध्याकडे वळू शकतो.

सध्या एवढे करावे: मागच्या वर्षाचा हजेरीपट वारांनुसार मांडावा, स्वयंपाकघरातल्या बायकांशी आणि पहिली ते चौथीच्या वर्गशिक्षकांशी बोलावे, आणि हाती असलेल्या रकमेत पहिलीच्या सर्व मुलांना एक सत्रभर रोज न्याहारी देता येते का, याचा इंधन व मानधनासह हिशेब काढावा. पटसंख्या, शाळेची वेळ आणि स्वयंपाकाची जागा कळवलीत, तर पदार्थांचे प्रमाण आणि भांड्यांची यादी मी काढून देईन.